फ्लॅश लावला की फोटो बिघडतो? कपाळाची चमक, भिंतीवरची काळी सावली आणि बाकीच्या तक्रारी

कपाळ घासलेल्या पातेल्यासारखं चमकतंय. नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका. नवरदेवाच्या मागं भिंतीवर त्याचीच सावली, कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी. चेहरे उजळ, पण मागचा अख्खा हॉल अमावस्येचा. आजोबांच्या चष्म्यात दोन पांढरे चौकोन. मांडवात काढलेले सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे. एक फोटो चांगला, लगेच पुढचा काळा. फोटोच्या एका कडेला आडवी काळी पट्टी.

यातलं काही दिसत असेल तर पुढं वाचा. मी सांगलीत वीस वर्षांहून जास्त काळ लग्नाचे फोटो काढतोय. लग्नसराईत एखादा तरी पोरगा फ्लॅश पिशवीत घालून येतोच. म्हणतो, "दादा, फ्लॅश गंडलाय. मऊ उजेड देतच नाही." मी तो माझ्या कॅमेऱ्यावर चढवतो, तोंड छताकडं करतो, त्याचाच एक फोटो काढतो आणि त्याला दाखवतो. बहुतेक वेळा फ्लॅश ठणठणीत असतो.

वरच्या यादीतल्या शेवटच्या दोन तक्रारी वेगळ्या जातीच्या आहेत. एक उजळ, एक काळा असं होत असेल तर सेल आणि संपर्काच्या तपासणीवर जा. काळी पट्टी दिसत असेल तर पाचव्या, कॅमेऱ्याच्या सेटिंगच्या. बाकी सगळ्यांनी पहिल्यापासून क्रमानं जावं, कारण सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपया लागत नाही.

उजेड कडक का होतो

फ्लॅशच्या तोंडाची काच पट्टीनं मोजा. साधारण सात सेंटिमीटर रुंद, चार सेंटिमीटर उंच. काडेपेटीहून जरा मोठी. एवढ्याशा खिडकीतून सगळा उजेड एकदम बाहेर पडतो, म्हणून सावलीला धार येते.

उजेडाची जागा चेहऱ्याच्या नजरेतून किती मोठी दिसते, यावर सगळं ठरतं. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटर लांब. इथून तो रुपयाएवढा दिसतो, म्हणून मे महिन्यात दुपारी सावली चाकूसारखी पडते. आषाढात आभाळ भरून आलं की तोच उजेड सगळ्या ढगांतून गाळून येतो, आख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली कुठं गेली ते कळत नाही. आपल्याला फ्लॅशचं आभाळ करायचंय, एवढंच.

ताकद कमी केली की उजेड मऊ होतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. फ्लॅश निम्म्यावर आणा, पाव करा, उजेड कमी होईल, पण सावलीची धार तशीच राहील. आणि फ्लॅशच्या तोंडातून बाहेर ओढायची ती दुधी पट्टी असते ना, ती वाइड लेन्ससाठी उजेड पसरवायला दिलेली आहे. ती लावल्यानं खिडकी मोठी होत नाही.

तपासणी १: रुमाल

हसू नका. एप्रिल-मेमध्ये कार्यालयात शंभर माणसं, पंखे फिरतायत आणि घामानं कपाळ ओलं. ओल्या, तेलकट त्वचेवर कुठलाही उजेड चमकणारच. खिशात कोरे टिश्यू ठेवा आणि फोटोआधी "काका, जरा कपाळ टिपून घ्या" म्हणायला लाजू नका. पुसू नका, टिपा. नाहीतर नवरीचा मेकअप रुमालावर येतो आणि मेकअपवाली ताई तुमच्यावर येते.

दुसरा रुमाल फ्लॅशच्या तोंडाला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग किती पक्का असतो ते माझ्या जुन्या फ्लॅशच्या काचेला विचारा. हळदीच्या कार्यक्रमातून परत आल्यावर काच पुसली नाही तर पुढच्या लग्नात सगळे फोटो किंचित पिवळे येतात आणि आपण व्हाइट बॅलन्सशी, म्हणजे कॅमेऱ्याच्या रंग जुळवायच्या सेटिंगशी, झटापट करत बसतो. काच तपकिरी पडलेली असेल किंवा आत करपल्यासारखा डाग असेल, तर ते पुसून जाणार नाही. त्याचं शेवटी बोलू.

तपासणी २: फ्लॅशचं तोंड कुठं आहे?

सगळ्यात जास्त फोटो इथंच सुधारतात, म्हणून इथं जरा थांबतो.

मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात फोटो काढत होतो. लहानशी खोली, कडेला टांगलेले भोपळे, मांडीवर नुकताच पॉलिश केलेला तंबोरा. पहिला फोटो घाईत, फ्लॅश सरळ समोर. भोपळ्याच्या पोटावर पांढराफेक गोळा उमटला, दुसरा त्यांच्या चष्म्यात, आणि मागच्या भिंतीवर तंबोऱ्याच्या दांडीची काळी सावली, जणू दोन तंबोरे. त्यांनी कॅमेऱ्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, एवढं पॉलिश केलंय, ते गेलं कुठं?"

माझ्या डाव्या खांद्यामागं चुना दिलेली भिंत होती. फ्लॅशचं डोकं फिरवून तिच्याकडं केलं, म्हणजे फ्लॅश जवळपास उलटाच झाला. दुसऱ्या फोटोत भोपळ्यावर वरून खालपर्यंत एक रुंद, मऊ उजळ पट्टा आला. त्या पट्ट्यामुळंच भोपळा गोल दिसायला लागला, कडेची नक्षी उठून आली, चष्म्यातला ठिपका गेला. फ्लॅश तोच होता, सेटिंगमध्ये फक्त आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा) वाढवला होता.

चकचकीत वस्तू खोटं बोलत नाही. तिच्यात उजेडाच्या जागेचंच प्रतिबिंब दिसतं. जागा बारकी असेल तर ठिपका, मोठी असेल तर पट्टा. कपाळ, नाक, दागिने, चष्मा, सगळ्यांना हाच नियम.

घरी एक मिनिटाची परीक्षा घ्या. स्टीलचा तांब्या भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवा. एक फोटो सरळ फ्लॅश मारून, एक डोकं छताकडं करून, एक बाजूच्या भिंतीकडं करून. तिन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत सावली विरघळली असेल तर तुमचा फ्लॅश ठीक आहे आणि दुरुस्तीचे पैसे वाचले.

आता एक बारीक चूक. पोरं फ्लॅशचं डोकं थेट नव्वद अंशांत छताकडं करतात. माणूस जवळ असेल तर उजेड डोक्यावरून खाली पडतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळं साचतं, चार रात्री जागल्यासारखं. तोंड वर आणि किंचित मागं, किंवा वर आणि बाजूला करा. बाजूनं आलेला उजेड गालाला उतार देतो. खिडकीजवळ बसलेली आजी छान दिसते ती यामुळंच.

आणि समोरच्या माणसाला फ्लॅशची काच दिसता कामा नये. काच दिसली म्हणजे थोडा कडक उजेड थेट चेहऱ्यावर जातोय. डोकं पुढच्या बाजूला थोडंच तिरकं केलं की हमखास हे होतं. माझ्या फ्लॅशला काळ्या फोमची तळहाताएवढी पट्टी हेअरबँडनं बांधलेली असते, चेहऱ्याच्या बाजूला. लग्नातल्या काकू विचारतात हे काय. मी म्हणतो, घोड्याच्या डोळ्याला लावतात ना, तसलंच झापड.

तपासणी ३: उजेड जिथं आपटतोय ती जागा

डोकं फिरवलं, पण फोटो पिवळा आला किंवा काळाच आला, अशी तक्रार घेऊन मग लोक दुसऱ्यांदा येतात. कारण छताकडं कुणी बघितलेलंच नसतं. उजेड ज्यावर आपटतो त्याचा रंग घेऊन खाली येतो. मांडवाला पिवळं-केशरी कापड लावलंय, तर चेहरे पिवळे. हिरवी भिंत असेल तर नवरी आजारी. कापडी मांडवात शक्यतो वर मारूच नका. पांढरी झालर, पांढऱ्या कपड्यातली पाहुणे मंडळी, दाराचा पांढरा पडदा, काहीतरी शोधा. मी एकदा पांढऱ्या सदऱ्यातल्या एका धिप्पाड मामांना शेजारी उभं करून त्यांच्या पाठीवर फ्लॅश मारलाय. मामा खूश, फोटो बरा.

जुन्या वाड्यात वर लाकडी तुळया आणि फळ्या असतात, काळपट तपकिरी. ते उजेड गिळतं. तिथं बाजूची चुन्याची भिंत वापरायची, छत विसरायचं.

उंचीचा हिशोब एकदा समजून घ्या, म्हणजे अंदाजे मारायला नको. समजा फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, ३६ आहे, मीटरमध्ये, आयएसओ १०० ला. छत दहा फूट, माणूस आठ फुटांवर. फ्लॅशपासून छत आणि छतापासून चेहरा असा प्रवास साधारण चार मीटर होतो. ३६ ला ४ नं भागलं की एफ ९. एफ म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं तो आकडा; आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. पण छतावर आपटताना दोन ते तीन स्टॉप उजेड सांडतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट). म्हणजे हातात उरतो एफ ४ च्या आसपास, तोही पूर्ण ताकदीला. आयएसओ ८०० केला तर त्याच फोटोला ताकदीचा आठवा भाग पुरतो. सेल टिकतात, फ्लॅश तापत नाही, पुढच्या फोटोला वाट बघावी लागत नाही. "दादा, ग्रेन येतो", फोटोत दाणे दिसतात म्हणून आयएसओ १०० ला चिकटून बसणाऱ्यांना हाच हिशोब कागदावर करून दाखवतो.

वीस फूट उंचीचं पांढरं छत असेल तर आयएसओ १६०० ला कसंबसं जमतं. त्याहून उंच पत्र्याचं शेड असेल तर नाद करायचा नाही. आठव्या तपासणीवर जा. उघड्यावर तर आपटायला काहीच नसतं. रात्रीच्या वरातीत आभाळाकडं फ्लॅश मारणारे मी स्वतः बघितलेत. तो उजेड अजून वर चाललाय.

तपासणी ४: माणसं भिंतीपासून किती लांब?

स्टेजवर जोडपं मागच्या सजावटीला खेटून उभं करतात. मग सावली पडणारच. दोन पावलं पुढं घ्या; पाच-सहा फूट मिळालं तर सावली खाली आणि फोटोच्या बाहेर जाते. फुकट काम आहे, फक्त तोंड उघडावं लागतं.

अंतराचा दुसरा परिणाम असा, की अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. फ्लॅशपासून नवरी दीड मीटरवर, पाठीमागची मंडळी तीन मीटरवर, तर त्यांना चौथा हिस्साच उजेड. सहा मीटरवरच्यांना सोळावा. ग्रुप फोटोत पुढची रांग पांढरी आणि मागची काळी येते ती यामुळं. तुम्ही स्वतः मागं सरका, लेन्स थोडी झूम करा. रांगांमधलं अंतर तेवढंच राहतं, पण फ्लॅशच्या हिशोबात फरक कमी होतो.

तपासणी ५: कॅमेऱ्याचं सेटिंग

मागचा हॉल गुहेसारखा दिसत असेल तर फ्लॅशला दोष देऊ नका. अशा फोटोची माहिती उघडली की बहुतेक वेळा शटर १/२०० (म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भागच उघडं), एफ ८, आयएसओ १०० असं काहीतरी निघतं. कुठल्यातरी व्हिडिओत बघून ठेवलेलं.

फ्लॅशचा भडका पूर्ण ताकदीलाही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. त्यामुळं शटर हळू केलं तरी फ्लॅशचा उजेड वाढत नाही, वाढतो तो हॉलमधल्या दिव्यांचा. १/६०, एफ ४, आयएसओ ८०० करून बघा. हॉलचे दिवे आधीपेक्षा शंभरपटीहून जास्त उमटतील आणि स्टेजच्या माळा, मागची मंडळी, पंगतीची लगबग सगळं दिसायला लागेल. नाचणाऱ्यांसाठी १/१२५ वर या, नाहीतर हातांची भुतं होतात.

मागचे दिवे केशरी आणि चेहरे निळसर येत असतील तर फ्लॅशवर पारदर्शक केशरी जिलेटिन कागदाचा तुकडा चिकटवा आणि व्हाइट बॅलन्स बल्बवर ठेवा. फ्लॅशचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास, पिवळ्या दिव्यांचा ३००० च्या. दोघांना एका रंगात आणायचं, मग कॅमेऱ्याला सांगायचं.

काळ्या पट्टीचं कारणही इथंच. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर जास्तीत जास्त १/२०० किंवा १/२५० चालतं. त्यापुढं पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा निघतो आणि जो भाग झाकलेला असतो तिथं पट्टी उमटते. शटरचा वेग खाली आणा. हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरला फ्लॅश जुळवून घ्यायची सोय, चालू केलं तर पट्टी जाईल, पण ताकद बरीच पडेल. छतावर आपटवून मारताना ते परवडत नाही.

तपासणी ६: टीटीएल फसतंय का?

पांढरे फेटे बांधलेले वीस जण ओळीनं उभे आणि सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले, हा फोटो मी इतक्या वेळा बघितलाय की आता न बघताच सांगतो. टीटीएलमध्ये, म्हणजे ताकद कॅमेराच आपोआप ठरवतो त्या सेटिंगमध्ये, फ्लॅश आधी एक बारीक भडका मारून अंदाज घेतो आणि समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. अशा वेळी फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन एक स्टॉप वाढवा. काळे कोट, काळा पडदा असेल तर एक स्टॉप कमी. आरसेकाम आणि जरी असेल तर टीटीएल पार गोंधळतं. माणसं जागेवरून हलणार नसतील, तर मॅन्युअल करून, म्हणजे ताकद स्वतः ठरवून, मोकळं व्हा.

तपासणी ७: सेल आणि संपर्क

इथून थोडा खर्च. एक फोटो उजळ, एक काळा, यात जवळजवळ नेहमी फ्लॅश भरायच्या आत बटण दाबलेलं असतं. मागचा लाल दिवा लागायची वाट बघा. तो लागायला पाच-सात सेकंद लागत असतील तर सेल दमलेत.

दुकानदार सांगतो की साधा सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल १.२ चा, म्हणजे साधाच भारी. फ्लॅशच्या बाबतीत उलटं आहे. रिचार्जेबल निकेल सेलचा आतला विरोध कमी असतो, तो एकदम जास्त करंट देऊ शकतो, म्हणून फ्लॅश लवकर भरतो. चार सेल एकाच जातीचे, एकाच दिवशी घेतलेले, एकत्र चार्ज केलेले हवेत. तीन नवे आणि एक टीव्हीच्या रिमोटमधला, असा संसार चालत नाही.

मग फ्लॅशचा पाय बघा. मधला मोठा ठिपका फ्लॅश पेटवतो, बाकीचे बारके ठिपके कॅमेऱ्याशी बोलतात. घाम, धूळ आणि हळद यांचा थर बसला की बोलणं तुटतं. मग फ्लॅश एक तर पेटत नाही, नाहीतर दरवेळी पूर्ण ताकदीनं पेटतो. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही बंद करून ठिपक्यांवर पांढरा खोडरबर हलका फिरवा, चुरा कोरड्या कपड्यानं झाडा. कॅमेऱ्याच्या खाचेत खोडरबर नको, तिथं कानकोरण्याचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळून फिरवा. तेलाचा स्प्रे कुठंच मारायचा नाही. शेवटी पाय शेवटपर्यंत सरकवून कडी घट्ट करा. अर्धवट सरकवलेला फ्लॅश घेऊनही एक जण आला होता, मिरजेहून, भर दुपारी. मी काही बोललो नाही, त्याला चहा पाजला.

तपासणी ८: विकत काय घ्यायचं

सगळे पहिल्यांदा घेतात ती फ्लॅशवर बसवायची दुधी प्लास्टिकची टोपी. मला ती फारशी आवडत नाही. लहान पांढऱ्या खोलीत ती काम करते, कारण उजेड चारी बाजूंना जाऊन भिंतींवर आपटतो. मोकळ्या मैदानात तिचा आकार फ्लॅशच्या तोंडाहून थोडाच मोठा. उजेड एक-दोन स्टॉप खाते आणि सावली जवळपास तशीच ठेवते. वरातीत टोपी लावलेले फ्लॅश दिसले की मला सेलची दया येते.

त्याऐवजी फ्लेक्सच्या दुकानात जा आणि पांढऱ्या सनबोर्डचे (फोमच्या हलक्या पाट्यांचे) तुकडे मागा. कापून उरलेले असतात, फारसे पैसे घेत नाहीत. तीन फूट बाय दोन फुटांचा एक तुकडा मदतनीसाच्या हातात द्या, चेहऱ्यापासून तीन-चार फुटांवर, बाजूला. त्यावर फ्लॅश मारा. उंच पत्र्याच्या शेडमध्ये तुमची हक्काची पांढरी भिंत तयार. मदतनीस कंटाळतो, पण त्याला जेवण लवकर वाढायला सांगितलं की निभतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवणं. रेडिओ ट्रिगर (तारेशिवाय फ्लॅश पेटवणारं यंत्र), स्टँड आणि पांढरी आरपार छत्री. १०० ते ११० सेंटिमीटरची छत्री पुरते. चेहऱ्यापासून चार फूट, बाजूला ४५ अंशांत, डोळ्यांच्या पातळीहून वर. छत्री जितकी जवळ तितका उजेड मऊ, आणि ताकदही कमी लागते. नवशिके ती लांब नेऊन ठेवतात, फोटोत येऊ नये म्हणून. दहा फुटांवरची छत्री पुन्हा छोटा दिवा होऊन बसते.

बाहेर वाऱ्याचं भान ठेवा. कृष्णेच्या घाटावर एका जोडप्याचा लग्नाआधीचा शूट चालू होता. संध्याकाळची वेळ, मागं आयर्विन पुलाच्या कमानी, आभाळ झकास निळं. एक झुळूक आली, स्टँड आडवा, छत्री दोन पायऱ्या उड्या मारत पाण्यात आणि फ्लॅश दगडावर. पाय तुटला. नवरदेव म्हणाला, "सर, हा पण फोटो काढायला हवा होता." तेव्हापासून पाच लिटरचा पाण्याचा कॅन स्टँडच्या मधल्या दांडीला अडकवल्याशिवाय मी छत्री उघडत नाही.

इथं थांबा, मेकॅनिककडं जा

वरचं सगळं केलं आणि तरीही पुढचं काही दिसलं, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. बारीक शिट्टीचा आवाज येत राहतो पण लाल दिवा लागत नाही. बटण न दाबता फ्लॅश आपोआप पेटतो. जळकट वास येतो. काचेच्या आतली नळी काळी पडलीय किंवा पुढचं प्लास्टिक करपलंय. फ्लॅशची बॅटरी फुगलीय. नवे सेल, साफ ठिपके, दुसरा कॅमेरा असं सगळं करूनही मॅन्युअलमध्ये फ्लॅश पेटत नाही.

कारण आत एक कॅपॅसिटर असतो आणि तो ३०० व्होल्टच्या वर भरलेला असतो. सेल काढले तरी तो लगेच रिकामा होत नाही, बराच काळ भरलेला राहू शकतो. व्हिडिओ बघून कव्हर उघडणाऱ्यांना हे माहीत नसतं. हा झटका जिवावर बेतू शकतो. मी वीस वर्षांत एकदाही कव्हर उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही.

भिजलेल्या फ्लॅशचंही तेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. पूर ओसरल्यावर गावभागातला एक ओळखीचा मुलगा आला. फ्लॅश दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवला होता, वरून कोरडा खडखडीत. "दादा, सेल घालून बघू का?" मी त्याच्या हातातून सेल काढून घेतले. तोंडाच्या काचेला आतून गाळाची बारीक रेघ दिसत होती, म्हणजे पाणी सर्किटपर्यंत गेलेलं. तसाच चालू केला असता तर उरलंसुरलं जळालं असतं.

वडिलांच्या फिल्मच्या काळातला फ्लॅश माळ्यावर सापडला, तर तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पायावर २०० व्होल्टहून जास्त दाब असतो. तो कॅमेऱ्याचं सर्किट उडवू शकतो. मेकॅनिककडून आधी मोजून घ्या.

सेल गळून डब्यात पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर मात्र लगेच घाबरू नका. हातमोजे घाला, सेल फेकून द्या, कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून स्प्रिंग पुसा, मग कोरड्या कापसानं, आणि दिवसभर उघडं ठेवा. स्प्रिंग खाऊन गेली असेल तर मेकॅनिक.

दुरुस्तीला देताना सेल काढून द्या आणि एका कागदावर लिहून द्या: कुठल्या कॅमेऱ्यावर, मॅन्युअलमध्ये पेटतो की फक्त टीटीएलमध्ये बिघडतो, तापल्यावर होतं की गार असतानाही, कधी पडलाय का. पडला असेल तर लपवू नका. नाहीतर तो बिचारा दोन दिवस चुकीच्या जागी शोधत बसतो आणि त्या दोन दिवसांत तुमचं एखादं लग्न असतं. खर्चाचा अंदाज काम सुरू व्हायच्या आधी घ्या. नळी आणि कॅपॅसिटर दोन्ही बदलायचे म्हणत असेल, तर नव्याची किंमत विचारून मगच हो म्हणा. आणि फ्लॅशबरोबर आलेला तो छोटा प्लास्टिकचा स्टँड घरीच ठेवा. दुकानातून तो कधीच परत येत नाही.